गाळातलं हिरवं

नकाशा काढणाऱ्या माणसाशी मी आयुष्यात कधी गोड बोललो नाही, आणि माझी स्वतःची मुलगी पोटासाठी नकाशे काढते.

टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये माझं तांदळाचं दुकान आहे. मागं गोदाम. आसपासच्या हॉटेलांना तांदूळ मी पुरवतो. इथं आलो तो दाणा पारखणारा माणूस म्हणून. गोंदियाच्या राइस मिलमध्ये पोती वाहता वाहता दाणा दाताखाली धरून ओल किती, तुकडा किती, नवा की जुना हे सांगायला शिकलो होतो. त्या जोरावर एका निर्यातदारानं मला टेक्सासला पाठवलं आणि पुढचं माझं मी केलं. माझं इंग्रजी अजून मोडकं आहे, पण सौदा करताना मला कुणी वाकवलेलं नाही. ट्रकवाला असो की दुकानाचा मालक, बोलणं अडलं की मी उठतो आणि दाराकडे चालू लागतो. मी दारापर्यंत पोचायच्या आत बहुतेक लोक हाक मारतात.

एकदाच असं झालं की समोर सौदा करायला माणूसच नव्हता. एक कागद होता.

आमचं गाव भंडाऱ्याच्या पुढं, धानाच्या पट्ट्यात. गावाला मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला तलाव. त्याच्या मातीच्या पाळीखाली बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं. तलाव भरला तर बांध्या पिकणार, नाहीतर कोरड्या पडून फाटणार. माझ्या बापाच्या दोन बांध्या तलावाच्या वरच्या कडेला होत्या. मी एकोणीस वर्षांचा असताना मोजणी आली. मोजणीदारानं नकाशा पसरला, त्यावर तलावाची रेघ होती, आणि आमच्या दोन्ही बांध्या त्या रेघेच्या आत, म्हणजे पाण्यात होत्या. शेजारची बांधी गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची. तिच्यापाशी येऊन ती रेघ कोपरासारखी वाकली होती आणि तिला बाहेर ठेवून पुढं गेली होती. मी ओरडलो, मोजणीदाराची नकाशाची फळी ओढली. तो म्हणाला, "मी काय करू? नकाशा असं म्हणतो." बाप हात जोडून उभा होता. पुढं तो मरेपर्यंत दुसऱ्याच्या बांध्यांत रोवणीला गेला. त्या वाकलेल्या रेघेचा राग माझ्या पोटात अजून तसाच आहे. मी तो कमी होऊ दिलेला नाही.

माझी मोठी बहीण त्याच गावात दिलेली आहे. आम्ही तिला बाई म्हणतो. नवऱ्याला जमीन नव्हती, आता नवराही नाही. तलाव कित्येक वर्षांत कुणी उपसला नाही, त्यामुळे तो गाळानं अर्धा भरला आहे. हिवाळा सरता सरता पाणी मागं हटतं आणि ओला गाळ उघडा पडतो. ज्यांना कुठंच जमीन नाही ते त्या गाळात धान लावतात. त्याला गाळपेर म्हणतात. बाईचा तिथं पाऊण एकराचा तुकडा आहे. कागद नाही, पट्टा नाही. सरकारदरबारी तिथं पाणी आहे. त्या तुकड्यावर ती वर्षभर खाते.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी बसलेला असताना गेल्या वर्षी एका रविवारी मुलगी लॅपटॉप घेऊन दुकानात आली.

"बाबा, अर्धा तास द्या ना. मला लेबल्स हवेत."

"कसले लेबल? पोत्यांवरचे?"

"नाही हो. सॅटेलाइटचे पिक्चर्स दाखवते, तुम्ही फक्त सांगायचं हे काय आहे. ऑफिसमध्ये कुणी धानाचं शेत प्रत्यक्ष बघितलेलंच नाही, यार. सगळे स्क्रीन बघून गेस करतात."

"आणि मला काय मिळणार?"

"चहा."

"आल्याचा?"

"आल्याचा. फायनल."

ती काम करते ती संस्था गरिबी कुठं आहे हे आकाशातून शोधते. ऐकून मी हसलो होतो. गरिबी बघायला आकाशात कशाला जायचं? पण तिनं समजावलं ते मला पटलं. उपग्रहाला ढगाआडूनही पाणी दिसतं. शेतात आधी पाणी दिसलं आणि मग हिरवं दिसलं की ते धान. असं पावसाळ्यात सगळीकडेच दिसतं. पण उन्हाळ्यातही आधी पाणी आणि मग हिरवं दिसलं, तर त्या गावाला दुसरं पीक आहे, म्हणजे गाव बरं आहे. ते नकाशावर हिरवं. जिथं उन्हाळ्यात काहीच नाही ते गाव लाल. लाल गावांची यादी तिकडे भारतातल्या एका संस्थेकडे जाणार, आणि त्या गावांतले तलाव आधी उपसले जाणार. हे सगळं यंत्र करणार होतं. पण यंत्राला आधी कुणीतरी शिकवायला हवं होतं, हे धान, हे गवत, ही बोडी म्हणजे लहान तळं, हे नुसतं डबकं. तो मास्तर मी.

खरं सांगतो, मला मजा आली. एका कोपऱ्यात गडद हिरवा ठिपका दिसला की मी म्हणायचो, "हे पऱ्हे. इथं रोप टाकलंय, इथून उपटून बाकी बांधीत रोवणार." मुलगी डोळे मोठे करून टाइप करायची. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर मी शिकलेला माणूस होतो.

मग आमचं गाव आलं.

नाव नव्हतं लिहिलेलं, पण तलाव मी ओळखला. पसरलेल्या पंजासारखा आहे तो. एप्रिलचं चित्र होतं. बोटांच्या बेचक्यांत हिरव्या चिंधोट्या दिसत होत्या. त्यातली दुसरी बेचकी बाईची.

"हे काय, बाबा?"

मी विचारलं, "ही लेबलं पुढं कुठं जातात?"

"पार्टनरकडे. मग डिस्ट्रिक्ट ऑफिसला. का?"

तिच्या पडद्यावर पर्यायांची यादी होती. त्यात एक ओळ होती, तलावाच्या आतली शेती. त्या ओळीवर बोट ठेवलं असतं तर माझ्या बहिणीचं शेत माझ्या हातानं सरकारला दाखवलं असतं. मला मोजणीदाराचा कागद दिसू लागला. मी म्हणालो, "उन्हाळी धान."

"शुअर? तलावाच्या इतकं जवळ?"

"तू मला धान शिकवणार?"

तिनं टिचकी मारली. त्यानंतर मी हुशारी केली. सौद्यात एकच पोतं वेगळं दिसलं की गिऱ्हाइकाला संशय येतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून पुढं जिथं जिथं तलावाच्या गाळात हिरवं दिसलं तिथं तिथं मी तेच सांगितलं. उन्हाळी धान. उन्हाळी धान. आमचं गाव गर्दीत लपवून टाकलं आणि आल्याचा चहा पिऊन मोकळा झालो.

महिनाभरानं ती नकाशा घेऊन आली. खूश होती. "बाबा, तुमच्यामुळे मॉडेल किती सुधारलं! बघा."

मी बघितलं. आमचा सगळा पट्टा हिरवागार होता.

ज्या गावांत मी एकही लेबल लावलं नव्हतं तीसुद्धा हिरवी. यंत्र माझ्याकडून एकच गोष्ट शिकलं होतं, आणि ते जिथं जिथं तलाव मेला होता तिथं जाऊन सांगत होतं की इथं दुसरं पीक आहे, इथं बरं चाललंय. ती गावं मी पायी फिरलेला आहे. खालच्या बांध्या फाटल्या की तिथली माणसं पोरंबाळं घेऊन तेलंगणात मिरची तोडायला जातात. तलावातलं हिरवं वाढतं ते तलाव बुजतो म्हणून. जितकं जास्त हिरवं तितकं गाव जास्त उपाशी. हे मला माहीत होतं, आणि मी यंत्राला नेमकं उलटं शिकवलं होतं.

"म्हणजे ही गावं..." मी विचारलं.

"लिस्टमधून गेली. गुड न्यूज ना?"

गोदामात जाऊन पोत्यांवर बसलो. कुणी मारायला आलं तर मी घाबरत नाही, उलट अंगावर जातो. ही भीती वेगळी होती. खरं सांगावं तर बाई जाते. गप्प राहावं तर सगळा मुलूख जातो. दोन्हीकडे माझंच बोट. त्या दिवशी माल उतरवायला आलेल्या ड्रायव्हरवर मी इतका ओरडलो की तो म्हणाला, "सर, आय ओन्ली ब्रॉट द राइस."

काही दिवस मी असेच काढले. मुलीचा फोन आला की वाटायचं, आता ती विचारणार. दुकानात कुणी कागद पुढं केला की मी तो न बघताच बाजूला सारायचो. शेवटी एका सकाळी दुकान उघडायच्या आधी बाईला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती.

"काऊन गा बाबू? बरा हायेस ना?"

मी सगळं सांगितलं. ती आधी हसली.

"अमेरिकेतून माहा धान दिसते?"

"दिसते."

"मंग छपरावर वाळू घातलेली मिरची बी दिसत असन. पाखरं उडव जरा तिथून."

"बाई, हसू नको. आयक. मी खरं सांगितलं तर गाव यादीत जाईल. तलाव उपसतील."

आता ती हसायची थांबली.

"मंग म्या कुठं लावू?" तिनं विचारलं.

हा प्रश्न मी इतके दिवस टाळत होतो. तलाव उपसला की पाणी राहणार, खालच्या बांध्या पिकणार. पण पाळीखाली बाईची एक वीतही जमीन नव्हती.

"मी हाये ना. मी पाठवत जाईन."

"तू पाठवतेसच. म्या नाई म्हनते का? पन म्या आपल्या हातचं धान खाते म्हनून या गावात मले कोनी बिचारी म्हनत नाई. ते तू पाठवशीन का?"



"मंग गप राहू?" मी म्हणालो. "कोणाले कळत नाई."

"खालच्या बांध्या यंदा बी फाटल्या," ती म्हणाली. "अख्खी आळी मिरचीले गेली. आता या आळीत म्या हाये न् कुत्रे हायेत. साजऱ्या साजऱ्या पोरी शाळा सोडून गेल्या." मग ती म्हणाली, "मले काऊन इचारतेस? तू मोठा सौदेवाला ना? कर मंग सौदा."

ती रागावली होती की खरंच सांगत होती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

त्याच आठवड्यात मी मुलीला दुकानात बोलावलं, मागच्या खोलीत बसवलं आणि सांगून टाकलं. तिनं लॅपटॉप बंद केला.

"यू लाइड टू मी?"

"तुला नाही. यंत्राला."

"बाबा, सेम थिंग! त्यावर लिस्ट गेली आहे. लोक डिसिजन घेतायत त्यावर!"

"आणि खरी लेबलं गेली असती तर तुझ्या आत्याचं शेत गेलं असतं, ते कुणी बघायचं?" मी ओरडलो. बाहेर दुकानातलं गिऱ्हाईक थांबून ऐकू लागलं. मग मी तिला वाकलेली रेघ सांगितली. बापाचे जोडलेले हात सांगितले. हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की आजोबा शेतकरी होते. आजोबांची शेती कशी गेली, ते तिला त्या दिवशी कळलं.

तिनं लॅपटॉप परत उघडला. मग म्हणाली, "ओके. काय करायचं?"

मी माझ्या मागण्या मांडल्या. गाळपेरीला नकाशावर वेगळा रंग हवा, आणि तो रंग बऱ्या स्थितीचा नाही, गरिबीचा मोजायचा. दुसरं, कुणाचा तुकडा नेमका कुठं आहे ते जिल्ह्याला द्यायचं नाही; फक्त गाव सांगायचं. तिसरं, कुठलाही तलाव उपसायच्या आधी त्यात पेरणाऱ्यांची नावं लिहायची आणि त्यांना दुसरी जागा द्यायची.

"पहिलं होईल," ती म्हणाली. "ते मी केलंच पाहिजे. दुसऱ्यासाठी मी ऑफिसात फाइट करेन. तिसरं माझ्या हातात नाही. पार्टनरला लेटर लिहू शकते."

"लेटरनं काय होतं? तिसरं नाही तर पहिलंही नाही."

"बाबा, पिक्सेलशी बार्गेन करता येत नाही."

मी उठलो आणि दाराकडे चालू लागलो.

"जाऊ नका," ती मागून म्हणाली. "मी ट्रकवाला नाही. तुम्ही दाराबाहेर गेलात तरी नकाशा चुकीचाच राहणार."

मी दारात उभा राहिलो. परत आलो. असा मी कधी परत आलेलो नाही. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "पहिलं चित्र काढ."

पुढचे तीन रविवार आम्ही तेच केलं. मी जिथं जिथं खोटं बोललो होतो तिथं तिथं परत गेलो. ती एकेक चित्र पुढं करायची. काही ठिकाणी खरंच कालव्याचं पाणी होतं, तिथलं उन्हाळी धान खरं होतं. बाकी गाळ. शेतकरी उन्हाळी धान लावतो त्याची चौकट सरळ असते. गाळपेरीची चिंधोटी पाण्याच्या कडेकडेनं वाकते, कारण पाणी जसं हटेल तसं माणूस मागोमाग लावत जातो. हे मी तिला दाखवलं, तिनं यंत्राला. आमचं गाव आलं तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. बोटानं दुसरी बेचकी दाखवली आणि म्हणालो, "गाळपेर."

पट्टा लाल झाला. मला हायसं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. लाल झालेल्या गावांत आमचंही गाव होतं, आणि आता ते कुणाच्याही गर्दीत लपलेलं नव्हतं. मुलीचं पत्र गेलं. ऑफिसनं तुकड्यांच्या जागा जिल्ह्याला द्यायच्या नाहीत हे मान्य केलं. तिसऱ्या मागणीवर उत्तर आलं की विचार करू. हे वाक्य मी स्वतः हजार वेळा लोकांच्या तोंडावर फेकलेलं आहे, त्यामुळे त्याची किंमत मला ठाऊक आहे.

हिवाळा गेला. बाईनं गाळात धान लावलं. मी दर आठवड्याला विचारायचो, "कोणी आलं का?" ती म्हणायची, "बगळे आले." मे महिन्यात एका संध्याकाळी तिचा फोन आला. इथं सकाळचे साडेसहा वाजले होते. मी दुकानाचं कुलूप काढत होतो.

"आले गा," ती म्हणाली. "मोजणीवाले. काठीवर यंत्र हाये त्याहीच्या. सोबत संस्थेची दोन मानसं हायेत. म्या कापलेल्या धानापाशी उभी हावो."

"बाई, आयक. किती वर्षांपासून कसतेस विचारलं तर तीस म्हण. कमी सांगू नको. आधी नाव लिहायले लाव. नाव लिहिल्याबिगर तलावात पाय ठेवू देऊ नको."

"बरं. फोन चालू ठेवते म्या. तू बोलू नको."

तिनं फोन कमरेला खोचला. मला लुगड्याची खसखस ऐकू येत होती, टिटवी ओरडत होती, आणि लांबून माणसांचे आवाज जवळ येत होते. मी कुलूप तसंच लटकत ठेवून पायरीवर बसलो.

"मावशी, हे तुमचं का?" एका पुरुषाचा आवाज.

"माहंच हाये जी."

"किती वर्षं झाली?"

तीस म्हण, तीस म्हण.

"नऊ," बाई म्हणाली.

मी कपाळावर हात मारला.

"कागद हाये काही?"

"नाई. कागदात इथं पानी हाये. पन तुमचे पाय कोरडे हायेत ना साहेब? पहिले नाव लिहा, मंग पुढं जा."

कुणीतरी हसलं. मग काहीतरी बोलणं झालं ते वाऱ्यात गेलं. मग तोच आवाज, "अंगठा का सही?"

"सही."

"कशावर सही?" मी फोनमध्ये ओरडलो. "बाई, वाच आधी! वाचल्याबिगर करू नको!" माझा आवाज तिच्या लुगड्यातच राहिला असणार. शेजारची सलूनवाली गाडीतून उतरून माझ्याकडे बघत उभी राहिली. फोन बंद झाला.

वीस मिनिटं. मी फोन लावत होतो, ती उचलत नव्हती. शेवटी तिचाच आला.

"वाचलं गा, वाचलं. तुह्याएवढीच शाळा म्या बी शिकली. नाव लिहिलं. पुढं लिहिलं, कसनारी. पुढल्या उन्हाळ्यात तलाव खोदतीन."

"आणि तुले जागा?"

"देतो म्हन्ले."

"कुठं?"

"ते नाई सांगितलं. कागदात बी नाई लिहिलं."

मागं तिच्याकडे कुणीतरी पेंढ्यांची दोरी आवळत होतं, तिचा कर्रकर्र आवाज येत होता.

"भेव लागते का तुले?" तिनं विचारलं.

आमच्या घरात हे कुणी कुणाला विचारत नाही. मी हो म्हणालो.

"मले बी," ती म्हणाली. "ठेवते आता. अंधार पडायच्या आत पेंढ्या पाळीवर नेते."